घुम्याच्या राजीनाम्याला आलेली मंडळी

घुम्याने राजीनामा दिला तेव्हा ऑफिसात कुणाला वाईट वाटलं नाही. घाम मात्र सगळ्यांना फुटला. या दोन गोष्टींतला फरक नोकरदार माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

कंपनीचं काम म्हणाल तर साधं. मालाच्या गाड्या पुष्कळ, गोदामं पुष्कळ, आणि कुठली गाडी कुठल्या गोदामात जायची हे ठरवणारा प्रोग्रॅम एकच. तो घुम्याने एकहाती लिहिला होता, नोकरीला लागला त्याच वर्षी. प्रोग्रॅम म्हणजे बारक्या बारक्या तुकड्यांची मोट, आणि प्रत्येक तुकड्याला काहीतरी नाव द्यावं लागतं. शहाणी माणसं 'पत्त्याची तपासणी', 'वजनाचा हिशेब' अशी नावं देतात. घुम्याला घाई होती, नावं सुचेनात. मग पठ्ठ्याने स्वभाव बघून घरच्यांनाच कामाला जुंपलं.

आलेल्या प्रत्येक नोंदीत खोट काढून ती परत पाठवणारा तुकडा म्हणजे आत्या. कुठेच जागा नसलेला माल निमूट ठेवून घेणारा मामा. थोरले काका स्वतः काडीचं काम करायचे नाहीत, पण त्यांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. थोरली काकू आणि धाकटी काकू एका वेळी चालू झाल्या की अख्खा प्रोग्रॅम मान टाकायचा. हे सगळं का आणि कसं, याचा खुलासा म्हणून एक ओळ कुठे लिहिली असेल तर शपथ! मेला बोलायचा नाही तसा लिहायचाही नाही. उगाच का घरीदारी सगळे त्याला घुम्या म्हणायचे?

आता त्याला लांबच्या शहरात मोठी जागा मिळाली होती. हाताखाली माणसं, दाराला नाव. एक तारखेला हजर व्हायचं, आणि येताना इथून मोकळं केल्याचं पत्र आणायचं. पत्राशिवाय तिथे उभं करणार नव्हते. आणि साहेब ते पत्र तेव्हाच देणार होते, जेव्हा घुम्याच्या जागी घेतलेली मुलगी 'मला सगळं समजलं' अशी सही करील. तिला ऑफिसात सगळे 'नवी' म्हणत.

नवी हुशार होती, पण हुशारीला समोरून थोडी मदत लागते.

"आत्या ही नोंद परत का पाठवते?" तिने विचारलं.

"तिला आवडत नाही."

"का आवडत नाही?"

"तिला काहीच आवडत नाही."

"बरं, आणि या दोन काकू? एकत्र का चालत नाहीत?"

"लग्नातलं आहे," घुम्या म्हणाला.

"कुणाच्या?"

"माझ्या नाही."

महिना असाच सरला. शेवटी नवी साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, कोड समजतोय. माणसं समजत नाहीत."

साहेब कसल्याशा शिबिराला जाऊन नुकतेच ताजेतवाने होऊन आले होते. ते म्हणाले, "मग माणसांना बोलवा!"

आणि बोलावली की हो! घुम्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी अख्खं खानदान गळ्यात पाहुण्यांचे पट्टे अडकवून मोठ्या मीटिंगच्या खोलीत हजर. घुम्या कोपऱ्यात बसला होता. धरणीने पोटात घेतलं असतं तर त्याने आनंदाने उडी मारली असती.

आत्याला यायला उशीर झाला, कारण गेटवरच्या फॉर्मात तिने चुका काढल्या होत्या आणि रखवालदाराला तो परत लिहायला लावला होता. "अच्छा, म्हणजे हे असं होय!" नवी हरखून म्हणाली. मामाने आपली खुर्ची आत्याला दिली, दुसरी मिळाली ती साहेबांना दिली, आणि सगळ्यांच्या पिशव्या गळ्यात घेऊन तो भिंतीशी उभा राहिला. थोरल्या काकांनी पडद्यावर स्वतःचं नाव बघितलं आणि म्हणाले, "हे करण्याआधी मला विचारलं होतं का?" नवीने मान डोलावली. तिला पटापट उमजत होतं.

"या दोघींचं काय आहे मग?" साहेबांनी विचारलं.

"मी सांगते," थोरली काकू म्हणाली.

"मी सांगते!" धाकटी काकू म्हणाली.

दोघी एकदम सुरू झाल्या, आणि देवाशपथ, वरच्या मजल्यावरून माणूस धावत आला. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या!

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, योगायोग. साहेबांनी धाकट्या काकूला तातडीने शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं. गाड्या चालू झाल्या. मग साहेबांना चेवच चढला. त्यांनी हात जोडून आत्याला म्हटलं, "जरा सांभाळून घ्या ना." आत्या म्हणाली, "बघते." परत येणाऱ्या नोंदी तिथल्या तिथे निम्म्यावर आल्या. साहेबांनी मामाला विचारलं, रोज याल का? मामा नाही म्हणाला नाही. तो कधी कुणाला म्हणाला होता?

राहिली एक आई. ती दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. आल्यापासून तिने चहा सुद्धा नको म्हटला होता.

नवीने शेवटचा, आईच्या नावाचा तुकडा उघडला. तिने तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"काकू," ती आईला म्हणाली, "कुठेही काही बिघडलं की ते शेवटी तुमच्याकडे येतं. चुकलेल्या गाड्या, फुटलेला माल, सगळं. वर्षानुवर्षं येतंय. आणि तुम्ही वर काहीच कळवत नाही, नुसतं गिळता?"

"कुणाला कळवू?" आई म्हणाली. "ज्याला त्याला आपली कामं असतात."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या टेबलावर रोज 'सगळं ठीक' म्हणून जो हिरवा दिवा दिसतो..."

"तो मी लावते," आई म्हणाली.

साहेबांनी पाणी मागवलं आणि घटाघट पिऊन टाकलं. ऑफिस सुटायची वेळ होत आली होती, पत्र समोर तयार होतं, आणि त्यांना आता हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. "काकू, एवढंच सांगा," ते म्हणाले. "मुलगा लांब चाललाय. तुमची काही अडचण?"

"छे हो! मला काय धाड भरलीय? जाऊ दे त्याला खुशाल."

"झालं तर! करा सही," साहेब नवीला म्हणाले.

नवीने पेन घेतलं, पण सही केली नाही. "थांबा सर," ती म्हणाली. "हे आत्ता या काकूंनी गिळलं."

"काय गिळलं?"

"आत्ताच यांचा तुकडा दोनदा वाचलाय मी, मला कळतं." ती आईच्या खुर्चीशी जाऊन खाली बसली. "काकू, आत काय आहे?"

आत्याला सुद्धा काही खोट काढायला सुचलं नाही.

आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "जिना उतरताना गुडघा दगा देतो. न्हाणीघरात पडले होते मी. हाताची पट्टी बघून यानं विचारलं, तर म्हटलं, भांडं लागलं. घरात कुणी नसलं की मी टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. आणि हा जायला नकोय मला. नकोय म्हणजे नकोय." तिने श्वास सोडला. "घ्या. विचारलंत म्हणून सांगितलं."

बाकी सगळ्यांचे तुकडे लिहिताना घुम्याने डोकं खाजवलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं. आईचा तुकडा त्याने चहा पिता पिता उरकला होता. म्हणजे ती सगळं गिळते हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं, आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मात्र वाटलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी जात नाही," तो म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"गप रे!" आई कडाडली. "सांगितलं म्हणजे अडवलं होय? माझ्यासाठी राहिलास तर रोज तुझा तो पडेल चेहरा बघायचा, आणि तोही मीच गिळायचा. जायचं तर जा तू. पण मी ठीक आहे असं समजून जाऊ नकोस. ठीक नाहीये मी, हे डोक्यात ठेवून जा."

साहेबांनी चाचरत विचारलं, "म्हणजे मग... दिवा कुठला समजायचा?"

नवीने सही केली आणि पत्र उचलून घुम्याच्या हातात दिलं. घुम्याने ते न वाचताच खिशात कोंबलं. खुर्ची ओढत तो आईपाशी आला.

"कधी पडलीस?"

"झाले की महिने."

"आणखी काय काय आहे?"

"पुष्कळ आहे," आई म्हणाली. "तुझी गाडी कधीची?"

"उद्या सकाळची."

"मग बस."