मेंढ्याने पाहिलेली सुरी

"भाऊजी, ती सुरी आधी खाली ठेवा," मी जिन्यातूनच म्हणाले.

बूअज्जा गच्चीच्या पायरीशी उकिडवा बसून दगडी कडेवर सुरी घासत होता. समोर दाव्याला बांधलेला मेंढा. घासल्याचा आवाज झाला की तो कान टवकारी आणि दावं ताणून मागे सरके. ईदची नमाज आटोपून माझा हा दीर थेट आमच्याकडे आला होता. अंगात पांढरा झगा, पायात नव्या सपाता आणि चेहऱ्यावर घर ताब्यात घेतल्याचा भाव.

"का, काय झालं?"

"त्याच्या डोळ्यांदेखत धार लावताय. कापायच्या आधीच मारताय त्याला."

"वहिनी, मेंढ्याला काय कळतंय?"

"त्याला कळलंय. तुम्हालाच कळायचं राहिलंय."

माझी लेक ईत्तो शेगडीत कोळसे फुंकत होती. तिने हसू दाबायला मान आणखी खाली घातली.

माझा नवरा हम्मादी जाऊन तीन महिने होत आले होते. मी अजून विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत, इद्दतीत; घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या मेकनेस शहरातल्या या गल्लीत ईदचा मेंढा घरातला कर्ता कापतो, आणि कर्ता गेला की पुढच्या ईदला जो कापेल तो कर्ता, असं सगळे न बोलता धरून चालतात. चाळिसाव्याच्या दिवशी बूअज्जा म्हणालाच होता, वहिनी, एकट्या कशाला राहता, आमच्याकडे या, खालची दुकानाची खोली मला ऑलिव्हच्या पिंपांना होईल. म्हणजे आज मेंढा कापायचा आणि उद्या कुलूप घेऊन यायचं. मला सासर नवीन नाही, मला सगळं दिसत होतं.

मी त्याच्या हातातून सुरी घेतली आणि उन्हात धरली. कडेला निळसर डाग पडला होता.

"ही कोणी जाळली?"

"गल्लीच्या तोंडाशी मोटरवर धार लावणारा बसलाय. रांग आहे त्याच्याकडे. काय ठिणग्या उडत होत्या."

"त्यांच्याबरोबर धारही उडाली. म्हणून तर पायरी घासत बसलात."

मी म्हटलं, हम्मादीची सुरी आणते, आणि खाली गेले.

हम्मादी सपाता शिवायचा. चामडं कापणाऱ्याला दिवसातून चारदा धार लागते. लग्न झालं तेव्हा तो बिचारा निसण्यावर सुरी अशी घासायचा की चूल सारवतोय असं वाटावं. माझे वडील डोंगरातले, मेंढ्यांची लोकर कातरणारे. त्यांच्या कातऱ्यांना धार मीच लावायची. पहिल्या वर्षीच मी हम्मादीच्या हातातून सुरी काढून घेतली, ती पुन्हा कधी दिली नाही. म्हणजे द्यायची, पण धार लावून.

निसणासुद्धा त्याने आणलेला मी फेकून दिला. बाजारातल्या दगडवाल्याकडे स्वतः गेले. तो गुळगुळीत, देखणे दगड पुढे करत होता. मी एकेक हातात घेऊन नखाने टिचकी मारली. बद्द आवाज आला की आत चीर असते. मग जिभेवर बोट ओलं करून दगडावर टेकवलं. पाणी झटकन पितो तो दगड भुसभुशीत, त्याने जाडीभरडी धार लागते आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या मधोमध खड्डा पडतो. पाणी वरच ठेवतो आणि तरी बोटाला किंचित धरतो, तो घ्यायचा. दगडवाला म्हणाला, बाई, नवरी बघायला आलात का. मी म्हटलं, नवरी परत करता येते, हा जन्मभर ठेवायचा आहे.

बाजारात सगळे म्हणायचे, हम्मादीच्या सुरीसारखी सुरी नाही. तो नुसता हसायचा. धार त्याची बायको हद्दा लावते, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. घरी आला की मात्र मला त्या गोष्टी रंगवून सांगायचा, अमुक आज काय म्हणाला, तमुक काय म्हणाला. मला राग यायचा आणि ऐकावंसंही वाटायचं. अजून राग येतो. आता तो कुणावर काढू, हा प्रश्न आहे.

मी खोलीत जमिनीवर बसले, निसणा ओल्या फडक्यावर ठेवला. सुरी निजवायची, पाठ किंचित उचलायची, आणि तोच कल शेवटपर्यंत सोडायचा नाही. दगडावर करडा चिखल होतो तो लोक धुऊन टाकतात, आणि खरं काम तोच करतो. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या कडेला बोटाला लागेल न लागेल अशी कोर येते. ती लागली की बाजू बदलायची. शेवटी हात हलका करत न्यायचा, इतका की नुसतं सुरीचं वजन उरलं पाहिजे. मग सपातेच्या जुन्या तळव्यावर दोन्हीकडून पुसायची. हम्मादीच्या गादीतून लोकरीचं झुपकं काढून हवेत धरलं आणि सुरी टेकवली. अर्धं झुपकं खाली पडलं, मला कळलंही नाही.

सवयीने मी सुरी उलटी धरली, मूठ समोर करून, त्याला द्यायला. हात तसाच पुढे राहिला. मग मी मूठ माझ्याकडे वळवली आणि जिना चढले.

बूअज्जा बाह्या सरसावून उभा होता. "द्या इकडे."

"ईत्तो, मेंढ्याचं तोंड नमाजेच्या दिशेला, किब्ल्याकडे कर," मी सुरी ओढणीखाली झाकत म्हटलं. "भाऊजी, तुम्ही पाय धरा."

"म्हणजे कापणार कोण?"

"मी."

तो ईत्तोकडे बघू लागला, जणू तिने आईला आवरायला हवं. तिचीही बोटं दाव्यावर थांबली होती. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना आपलं मटण कधी जड गेलं नाही."

"बाईच्या हातचं चालत नाही, वहिनी," बूअज्जा म्हणाला.

"चाळिसाव्याला मशिदीतले फकीह आले होते, तेव्हा मी विचारून घेतलंय. म्हणाले, चालतं, पण करत कोणी नाही. मी म्हटलं, मला फक्त पहिला अर्धा भाग हवा होता."

"माझ्या भावाच्या घरात मी असताना..."

"त्याच्या घरात पंचवीस वर्षं धार मी लावली. तुम्ही या मेंढ्यासमोर सुरी घासलीत, तो तुम्हाला बघूनच थरथरतोय. तुमच्या हाताने मी त्याला मरू देणार नाही. हे घर माझं आहे आणि मी इथेच राहणार. खालची खोलीसुद्धा माझीच. आता पाय धरा, नाहीतर बाजूला व्हा."

मेंढा खरंच थरथरत होता. मी त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि हळूहळू बोलत राहिले, थरथर थांबेपर्यंत. बूअज्जा जागचा हलला नाही. मग त्याने शेजारच्या गच्च्यांवर नजर टाकली. सगळीकडून माणसं बघत होती. अशा वेळी वहिनीशी भांडणारा दिसायचं की मदत करणारा, हे त्याने ठरवलं असावं. तो वाकला आणि पाय धरले.

मी अल्लाचं नाव घेतलं. हाताला जोर लावावाच लागला नाही. पांढऱ्या बाहीवर डाग पडले, पडू दे म्हटलं.

सगळं शांत झाल्यावर मला रडू आलं. आज या धारेबद्दल कोण काय म्हणालं, ते मला रंगवून सांगायला तो नव्हता. ईत्तो जवळ आली आणि तिने माझा हात धुतला.

"हद्दा," भिंतीपलीकडून तूदाने हाक मारली. तीही विधवा, दरवर्षी खाटकाची वाट बघत दुपार करायची. "माझा पण बघतेस का गं?"

"मला इद्दत आहे. उंबरा ओलांडायचा नाही."

"उंबरा कुठे आलाय मध्ये? कमरेएवढी भिंत तर आहे."

मला हसू फुटलं. "तुझा मेंढा कोपऱ्याआड ने. एकदा कापलं की धार उतरते, मी लावून येते."

मी खाली आले. मागोमाग बूअज्जाही आला आणि हातांचं काय करावं ते न कळून दारात उभा राहिला. मी निसणा फडक्यावर ठेवला आणि पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"थेंब थेंब सोडा, भाऊजी. भसाभस नको."

त्याने झगा गुडघ्यांवर आवरला, जमिनीवर बसला आणि पाणी सोडू लागला.