बिनधुराचं धुराडं

आमच्या गावातले निम्म्याहून जास्त कांग, म्हणजे झोपायचे तापते ओटे, मी बांधलेत. चाळीस वर्षं विटांच्या ओट्याच्या पोटातून चुलीचा धूर फिरवायचा, ओटा तापवायचा आणि धूर वर धुराड्यातून सोडून द्यायचा, हाच माझा धंदा. साठी उलटल्यावर त्याच वाटा बुजवायचं कामही मलाच मिळालं.

कोळसा बंद, मक्याची चिपाडं बंद, धुराड्यातून धूर दिसला तर गॅसचं अनुदान बंद. राजधानीचं आभाळ निळं व्हायला हवं म्हणे. व्हावं की, खोकला मलाही आहे. पण गॅसवर घर उबदार ठेवायचं तर एका हिवाळ्याला तीन हजार युआन जातात, आणि इथल्या म्हाताऱ्यांना महिन्याला मिळतात दोनशे. ते कुठून आणायचे, हे परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

शिंग वहिनींच्या छपरावर मी चढलो तेव्हा खाली अंगणात गावचा सचिव दोंग वही घेऊन उभा होता. वहिनी शिडीला टेकून म्हणाल्या, "लुआनदादा, माझी सून युनश्या बाराव्या महिन्यात बाळंत होणार. मुलगा तिकडे शहरात. एक वीट सैल ठेवा, एवढंच मागते."

"नाही म्हणजे नाही," मी वरून ओरडलो. "नियम सगळ्यांना सारखा. गॅस आहे ना?"

"आहे की. आभाळ निळं करायचं म्हणून आम्ही निळे पडतो," वहिनी म्हणाल्या.

दोंग हसला. मी विटा चुन्यात पक्क्या बसवल्या, थापी टेकून पुन्हा दाबल्या. खाली उतरलो तर माझ्या हत्यारांच्या पिशवीत फडक्यात बांधलेली वीस अंडी. वहिनी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. आमच्याकडे सचिवासमोर मोठ्यानं 'नाही' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा काम करून देतो, आणि अंडी परत केली नाहीत तर मग शंकाच नको. मला हे माहीत होतं. दोंगसमोर कशाला काढायची, नंतर नेऊन देऊ, असं मनाशी म्हणत मी अंडी घरी नेली.

माझ्या स्वतःच्या धुराड्यात मात्र वीट नुसती टेकवून ठेवली होती. तिला दोरी बांधली होती, खालून ओढली की वाट मोकळी. आपली पोळी भाजून घ्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

बाराव्या महिन्यात युनश्याला मुलगी झाली. वहिनींनी दारावर लाल फडकं टांगलं. महिनाभर त्या खोलीत परका माणूस जात नाही, पुरुष तर नाहीच, आणि बाळंतिणीला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू देत नाहीत. सोळाव्या दिवशी पहाटे गॅसचा दाब बसला. शेगडीवर निळी ज्योत करंगळीएवढी उरली आणि मग तीही गेली. बाहेर उणे सतरा.

नेमकी त्याच सकाळी तालुक्याहून तपासणीला बाई आल्या. दोंगनं मला पुढे घातलं, कारण विटा माझ्या. आम्ही गल्लीनं निघालो. एकाही धुराड्यातून धूर नव्हता. माझं मीच उजाडायच्या आत बंद केलं होतं.

शिंग वहिनींच्या घरासमोर बाई थांबल्या. "घरात तान्हं मूल, गॅस नाही, तरी धूर नाही," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात शिस्त. फोटो घ्या."

दोंग फोटो घ्यायला लागला. मी खिडकीकडे बघितलं. गल्लीतल्या प्रत्येक काचेवर बर्फाची जाड फुलं होती. वहिनींच्या मधल्या खोलीची काच ओली होती. पाण्याचे ओघळ खाली उतरत होते.

आत कांग पेटलेला होता. धूर दिसू नये म्हणून वहिनींनी नक्की कोळसा अंगणात लाल करून मग चुलीत सरकवला होता. त्याचा धूर दिसत नाही, आणि जो विषारी वायू निघतो त्याला वासही येत नाही. आणि वर माझ्या विटा, थापीनं दाबलेल्या.

खरं सांगतो, मी दोन पावलं पुढे चाललोसुद्धा. बोललो असतो तर वहिनींचं अनुदान जाणार, आणि मग माझ्या दोरीपर्यंत बात पोचणार. ही दोन पावलं मी अजून विसरलेलो नाही.

मग मी फाटक ढकलून आत पळालो.

"लुआन मिस्त्री!" दोंग मागून म्हणाला. "लाल फडकं आहे. अक्कल गहाण टाकलीत का?"

मी फडकं ओढून काढलं. वहिनी चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धे उघडे. "डोकं जड झालंय दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही आत कसे?" कांगवर युनश्या आडवी होती, हाक मारली तरी हलली नाही. तिच्या कुशीत मुलगी, गाल लालबुंद. लोक म्हणाले असते, काय तरतरीत पोर आहे; पण तो वायू भिनला की गाल असेच लाल होतात.

मी कोपरानं काच फोडली. मुलीला त्याच लाल फडक्यात गुंडाळून अंगणात धावलो आणि समोर दिसलेल्या तपासणीच्या बाईंच्या हातात दिली. "तोंड उघडं ठेवा हिचं, वारा लागू द्या." दोंगनं आणि मी युनश्याला रजईसकट ओढून आणलं. वहिनी रांगत उंबऱ्यापर्यंत आल्या. युनश्या बर्फात ओकली, तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला.

मुलगी गप्प होती. बाई तिची पाठ चोळत होत्या. शिडी लावून वर चढलो आणि माझ्याच विटा हातोड्यानं फोडायला लागलो. चुना असा धरला होता की चार घावांत हलेना. इतकं नेकीचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. पाचव्या घावाला वीट आत कोसळली, उबारा माझ्या तोंडावर आला, आणि खालून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं. मी छपरावर बसून रडलो, लाज वाटली नाही.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत बाईंनी वही उघडली नाही. मग हळूच विचारलं, "तुम्हाला बाहेरून कसं कळलं?"

"काचेवरून. आणि धुराडं पक्कं बंद आहे हे मला माहीत होतं." मी खाली उतरलो. "माझ्या घरचं नाही. तिथली वीट सैल आहे. लिहा."

दोंगनं मान फिरवली. गाडीत चढवलेल्या वहिनींनी ते ऐकलं होतं. त्यांचा चेहरा चिडका नव्हता, नुसता कोड्यात पडलेला.

"पण दादा," त्या म्हणाल्या, "अंडी तर तुम्ही ठेवून घेतली होती."

घेतली होती. त्याच रात्री बायकोनं त्यातली चार तळली, आणि आम्ही दोघांनी ती गरम कांगवर बसून खाल्ली.