घरचा नंबर

शुक्रवार पेठेतल्या सोमशेखर डॉक्टरांच्या लॅबमध्ये फिरदोस काउंटरवर बसायची. रक्त द्यायला आलेल्याचं नाव टाकायचं, रिपोर्ट तयार झाला की हातात द्यायचा, एवढं काम. गर्दी ओसरली की ती कानात इअरफोन घालून मोबाइलवर ऑनलाइन कोर्स ऐकायची. माहितीची सुरक्षा आणि जोखीम व्यवस्थापन, असं त्याचं भारदस्त नाव. हा पुरा झाला की हे गाव सोडून पुण्याला एखाद्या कंपनीत लागायचं, असा तिचा बेत होता. अम्मीला या अभ्यासातलं एवढंच कळलं होतं, की पोरगी हल्ली घरातसुद्धा मोबाइल उलटा करून ठेवते.

कोर्समधले सर बोलायचे ते हॅकरबद्दल. आता या लॅबवर हल्ला करायला कुठला हॅकर वाट वाकडी करून येणार होता? इथला धोका पायीच यायचा. कुणीही उठायचं, "आमच्या वहिनीचा रिपोर्ट द्या," म्हणायचं आणि घेऊन जायचं. घरचंच माणूस आहे की, त्यात काय विचारायचं! जोखमीचा धडा ऐकल्यापासून फिरदोसने हे बंद केलं. ज्याचा रिपोर्ट त्यालाच, नाहीतर त्याची चिठ्ठी आणा. लोक चिडले. "तू काय कलेक्टर लागून गेलीस का?" असंही एकाने ऐकवलं. पण डॉक्टरांनी तिचं म्हणणं उचलून धरलं, आणि बाईसाहेब अंमळ फुशारल्याच.

त्या दिवशी सकाळी पिंकी आली. मूळची मोहोळकडची, नवरा आणि सासूबरोबर पेठेतच भाड्याने राहणारी. रक्त देऊन झाल्यावर ती काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, दिवस गेलेत का बघायचंय. पण कुणाला कळू देऊ नका हं. मागच्या वेळी आत्यांनी गावभर पेढे वाटले, आन् महिन्याच्या आत सगळं गेलं. मग तीच माणसं भेटायला आली. एकेकीला पहिल्यापासून सांगावं लागलं." आत्या म्हणजे तिची सासू. "या बारीला तीन महिने तोंड उघडणार न्हाई मी. ह्यांना तेवढं सांगीन."

"अजिबात काळजी करू नका," फिरदोस म्हणाली आणि नोंद करायला घेतली. "घरचा नंबर सांगा."

पिंकीने घडाघडा सांगितला. स्वतःचा मोबाइल हातात असताना! पण आपल्याकडे बाईमाणसाला 'तुमचा नंबर' कुणी विचारतच नाही, 'घरचा' विचारतात, आणि बाईही विचारलं तेच सांगते. एकीने सवयीने विचारलं, दुसरीने सवयीने सांगितलं. कॉम्प्युटरने निमूट लिहून घेतलं.

दुपारी एक म्हातारी पदराने घाम पुसत दारात उभी राहिली. पिंकीची सासू, बजाबाई.

"माजी सून आल्ती का हितं? फोनवर तुमचा म्यासेज आला, रगात मिळालं म्हून. शेजारच्या पोरीनं वाचून दावला. काय झालंय तिला? मला कायच सांगत न्हाई. लई वाळलीया."

मेसेज या बाईच्या फोनवर कसा गेला, हा प्रश्न फिरदोसला तिथल्या तिथे पडायला हवा होता. पण नियम पाळायची अशी नामी संधी समोर आल्यावर तिला दुसरं काही सुचेना.

"मावशी, रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो."

"अगं, मी घरचीच हाय की!"

"घरच्यांनाही नाही."

"वंगाळ हाय का काय? तेवढं तरी सांग."

निकाल फिरदोसने मघाशीच पाहिला होता. चांगलं म्हणावं तर गुपित फुटणार, वाईट म्हणावं तर खोटं. तेवढ्यात आत डॉक्टरांनी रिपोर्ट मंजूर केला. मंजूर झालेल्या रिपोर्टची एक प्रत नोंदवलेल्या नंबरवर आपोआप जायची. बजाबाईच्या पिशवीत फोन वाजला.

तिने तो काढला, हात लांब करून बघितला आणि सरळ फिरदोसपुढे धरला. "बग की गं, काय आलंय. मला वाचाय येत न्हाई."

वर लॅबचं नाव, खाली पिंकीचं. फिरदोस कॉम्प्युटरकडे वळली आणि लॅबच्या खात्यातून तो मेसेज दोन्हीकडचा, म्हातारीच्या फोनवरचाही, पुसून टाकला.

"चुकून आला होता, मावशी. पुसला मी."

बजाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच बाकावर टेकली. "आजार असता तर तू मला आदी बसीवलं असतंस, पानी दिलं असतंस. अशी चोरावानी पुसत बसली नसतीस." तिने पिशवी मांडीवर घेतली. "दिवस गेल्यात व्हय तिला?"

फिरदोसने मान खाली घातली. गप्प बसूनसुद्धा माहिती फुटते, हे सरांनी कुठल्याच धड्यात सांगितलं नव्हतं.

म्हातारीचे डोळे भरून आले. "बराबर हाय तिचं. मागल्या बारीला माज्याच जिभंला हाड न्हवतं. लई सोसलं पोरीनं." गुडघ्यावर हात ठेवून ती उठली. "मी आल्ते म्हून सांगू नगंस. ती सांगंल तवाच मला कळंल."

संध्याकाळी पिंकी आली. रिपोर्ट वाचून तिचा चेहरा उजळला आणि फिरदोसला अपराध्यासारखं झालं. ज्याची माहिती फुटली त्याला आधी सांगा, हे धड्यात स्वच्छ होतं. पण म्हातारीचं काय? तिचीही एक गोष्ट आता फिरदोसकडे ठेवायला होती. एकीचं झाकायचं तर दुसरीला फसवायचं. शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि सगळं सांगून टाकलं, नंबर आपणच चुकीचा विचारला इथपासून.

पिंकीचा चेहरा पडला. "म्हणजे आत्यांना कळलं."

"कळलं. पण तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल, असं म्हणाल्या. तुम्ही लई सोसलं, असंही म्हणाल्या."

"आत्या म्हणाल्या असं?" पिंकीला रडू फुटलं. फिरदोसने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. पिंकीने डोळे पुसले. "मागच्या बारीला त्याबी रडत होत्या, पर माझ्यापुढं न्हाई. एवढं एकटीनं पोटात ठेवायचं म्हणजे जीव जाईल त्यांचा."

तिने घरी फोन लावला. "आत्या, मी पिंकी. एक सांगायचं होतं..."

पलीकडचा आवाज काउंटरच्या मागे फिरदोसलाही स्पष्ट ऐकू आला.

"मला कायबी म्हाईत न्हाई!"