मूठ-तांदळाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर एके काळी गुलाब होते, आता गंज आहे. मला घडवलं बिस्किटांसाठी, पण बिस्किटं आठवड्यात फस्त झाली आणि मिझोरमच्या डोंगरात एका चुलीशेजारी मला जागा मिळाली.

आमच्याकडे रीत आहे. भाताला तांदूळ घेताना घरातली बाई आधी एक मूठ वेगळी काढून डब्यात टाकते. तो तांदूळ देवाचा, म्हणजे ज्याच्याकडे नाही त्याचा. रविवारी चर्चची माणसं तो गोळा करून नेतात. बियाकझुआलीच्या घरी बावीस वर्षं मी ती मूठ रोज दोनदा झेलली. पाहुणे म्हणायचे, "काय राखलाय हो डबा!" मग प्लास्टिकचा चकचकीत डबा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यात खिळे भरले हो, गंजके खिळे! राग आला होता, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास सीमेवरच्या नदीपलीकडे, शेजारच्या देशात, बंदुका सुरू झाल्या. पाठीवर म्हातारी माणसं आणि कडेवर पोरं घेऊन लोक अलीकडे आले. गावाबाहेर बांबूच्या झोपड्यांची छावणी उभी राहिली. बियाकझुआली आणि गावच्या बायका पहिल्या दिवसापासून तिथं राबत होत्या, आणि तेही बिनपगारी. ताडपत्र्या वाटायच्या, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, छावणीचे अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालायचे.

एका झोपडीत न्गुन सुई नावाची बाई राहत होती. घरात सासू आणि तान्ही जुळी पोरं.

"काय हवंय गं? लाजू नकोस," बियाकझुआलीनं विचारलं.

"पी, एखादा झाकणाचा डबा मिळेल?" थोरल्या बाईला आम्ही मानानं 'पी' म्हणतो.

"डबा? अगं, पातेलं माग, चादर माग! डब्यात ठेवणार काय, माझं डोकं?"

"मूठ," न्गुन सुई म्हणाली. "तिकडं घरी रोज काढायचे, इथं आल्यापासून मूठ काढली नाही. घास घशाखाली उतरत नाही, पी."

बियाकझुआली तडक निघाली. घरी येऊन तिनं मला माळ्यावरून उतरवलं, खिळे ओतून टाकले, राखेनं लख्ख घासलं आणि न्गुन सुईच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. त्या दिवसाचे तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

बघता बघता छावणीत प्रत्येक चुलीपाशी एकेक डबा आला. आणि तिथंच घोटाळा झाला. जिल्ह्याच्या गावाहून पाहणीला एक साहेब आले. दूरच्या मुलखातले, नवीनच बदलून आलेले. त्यांनी माझं झाकण उघडलं, शेजारच्या चार झोपड्यांतली उघडली आणि वहीत लिहिलं, 'घरोघरी तांदूळ शिल्लक.' पुढच्या महिन्यापासून तांदूळ निम्माच यायला लागला.

न्गुन सुईचं दूध आटलं. जुळी रडून रडून दमून झोपायची. सासू म्हणाली, "मूठ थांबव आता, पोरी. देवाला डोळे आहेत." पण तिनं थांबवली नाही, फक्त लहान केली. ते चार दाणे माझ्या तळाशी पडायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बियाकझुआलीचा पारा चढला. मला काखोटीला मारून, न्गुन सुईला सोबत घेऊन तिनं कचेरी गाठली. तीनदा 'उद्या या' ऐकून परतली. चौथ्यांदा तिनं मला थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं.

"बाई, निम्मा करूनही डब्यात तांदूळ आहेच की," साहेब म्हणाले. "म्हणजे पुरतोय."

"डोंबलाचं पुरतंय! हा तांदूळ त्यांचा नाहीच, साहेब. दुसऱ्यासाठी पोटाला चिमटा काढून ठेवलाय."

"दुसऱ्यासाठी? यांच्यापेक्षा गरजू इथं आहे तरी कोण?"

"मी." बियाकझुआली म्हणाली. "तुमची पाहणी व्हायच्या आधीच्या पावसात आमच्यावर दरड आली. घर, भांडी, धान्य, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी पहिला तांदूळ आला तो छावणीतून, याच डब्यातून. तो शिजवून माझी पोरं जेवली."

कोपऱ्यातला कारकून चाचरत म्हणाला, "आमच्याही घरी असा डबा आहे, सर."

"मग पाहणीच्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

साहेबांनी वही मागवली आणि सगळ्यांदेखत ती ओळ खोडली. आठवड्याभरात पूर्ण तांदूळ आला. महिन्याभरानं जुळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांचं हसणं मी रोज ऐकतो आणि भरून पावतो.

मित्रांनो, परक्याच्या घरात भरलेला डबा दिसला, तर किती आहे ते मोजायच्या आधी एवढं जरूर विचारा, की हे कुणासाठी ठेवलंय? कदाचित तुमच्यासाठीच असेल.