बिनओरखड्याची हार

हरल्याबद्दल कोणी मैसूरपाक वाटतं का? दोन हजार तीन साली तंजावुरात, पश्चिम राजवीथीमागच्या गल्लीत, कनकलताबाईंनी वाटला. त्यांची नित्या गावातच भरलेल्या बॉक्सिंगच्या स्पर्धेत भुवनाशी लढली, सगळ्या फेऱ्या उभी राहिली, हरली आणि चेहऱ्यावर एक ओरखडा न घेता घरी आली. आता ही भुवना कोण? पापनाशमची, पोलिसात नोकरीला, तीन वर्षं राज्याची विजेती. तिच्यासमोर पहिली फेरी निभावली तरी पोरी नवस फेडतात. त्यामुळे गल्ली खूश, आई खूश. नित्या मात्र आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाक चाचपत होती आणि तिचं डोकं फिरत चाललं होतं.

"मास्टर, खरं सांगा," दुसऱ्या दिवशी सरावाला गेल्या गेल्या तिने प्रशिक्षक रघोजींना विचारलं. "ती माझ्या तोंडाला शिवली तरी का?"

रघोजी मास्टर आधी खोकले. मग म्हणाले, "नाही. बरगड्यांवर मारलं, पोटात मारलं. तोंड समोर आयतं आलं तेव्हाही हात मागे घेतला. मला वाटलं, दमली असेल."

"भुवना दमते?"

मास्टर ग्लव्हजच्या नाड्या सोडवू लागले. नित्या तशीच घरी आली आणि हरल्यावर मैसूरपाक वाटणाऱ्या आईसमोर उभी राहिली.

आईने काही लपवलं नाही. तिच्या मते लपवण्यासारखं त्यात होतंच काय? "सामन्याच्या सकाळी मीच गेले होते तिच्या लॉजवर," चिंच कोळता कोळता ती म्हणाली. "कुंकू लावलं, गजरा माळला, पान-सुपारी-केळ्यांचं तांबूल हातात दिलं आणि म्हटलं, बाळ, शुक्रवारी कुंभकोणमची माणसं माझी मुलगी बघायला येताहेत. तू जिंक, खुशाल जिंक. तोंड तेवढं राख. गुणाची पोर गं. तांबूल घेतलं म्हणून शब्दाला जागली."

पोटच्या पोरीसाठी आई काय करत नाही, मान्य. पण त्या पोरीला विचारायचं तरी की नाही? नित्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं ती पहाटे उठून किल्ल्याच्या खंदकाच्या कडेने धावली होती ती काय यासाठी? हरण्याचं तिला काही नव्हतं. हरायला ती कधीच शिकली होती. पण ही हारसुद्धा आईने मागून आणलेली, शेजारणीकडून विरजण आणावं तशी. भुवनाचा खरा ठोसा बसल्यावर आपण उभ्या राहू की पळू, हेच तिला कळलं नव्हतं. ते कळल्याशिवाय आता झोप कसली लागते?

"मी परत लढणार तिच्याशी," ती म्हणाली.

"लग्न होऊ दे. मग लढ."

"मग सासू जाईल तांबूल घेऊन."

आईने चिंचेचं भांडं आपटलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

शुक्रवारी कुंभकोणमची माणसं आली, मुलगी बघताना द्यायची सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा नि भजी, खाऊन, मुलगी पसंत आहे असं सांगून गेली. शनिवारी नित्याने पिशवीत पानं, सुपारी, केळी घातली आणि पापनाशमची बस धरली.

भुवना दारात कपडे वाळत घालत होती. नाक मधोमध वाकलेलं, भुवईवर जुना व्रण. नित्याने तिच्या ओल्या हातांत तांबूल ठेवलं.

"आता काय राखू?" भुवनाने हसत तमिळमध्ये विचारलं.

"काही राखू नका, अक्का. पोंगलनंतर ओरत्तनाडूला स्पर्धा आहे. मी नाव दिलंय. तुम्ही या आणि इतरांशी लढता तशा माझ्याशी लढा."

भुवनाचं हसू गेलं. "हे नाक बघितलंस? हे मोडल्यापासून माझ्या घरी सोज्जी खायला कोणी आलं नाही. तुझ्या आईने हात धरले तेव्हा वाटलं, माझ्यासाठीही कोणी असं गेलं असतं तर. मी तुझं भलंच केलं."

"भलं केलंत, पण मला हरवलं नाहीत. सांभाळलंत. मी काय काचेची बांगडी आहे?"

"हरशील."

"हरेन की. पण तुमच्या हातून हरेन, आईच्या नाही."

 भुवनाने तांबुलातलं एक पान उचललं, तिथेच सुपारी घालून तोंडात टाकलं. "ये मग," ती म्हणाली.

ओरत्तनाडूला आई आली. बोलत नव्हती, पण पहिल्या रांगेत येऊन बसली. घंटा झाली आणि पहिल्याच मिनिटाला भुवनाचा उजवा हात नित्याच्या नाकावर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती पाठीवर पडली. पंच आकडे मोजू लागला. आईने पदरात तोंड लपवलं. नित्याला घशात रक्ताची चव लागली, आणि काय सांगावं, तिला आनंद झाला. हा ठोसा तिचा होता, कोणाच्या विनवण्यांतून उरलेला नव्हता. पळावंसं वाटेना. ती उठली आणि सरळ भुवनाच्या अंगावर गेली.

पुढे तिने पुष्कळ मार खाल्ला. थोडा दिलाही. शेवटी पंचाने भुवनाचाच हात वर केला, त्यात कोणाला शंका नव्हती.

नित्या बाकावर येऊन बसली तशी आई समोर आली. तिने पदराचं टोक ओलं केलं, लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. नाक सुजून कुठल्या कुठे गेलं होतं, ओठ फाटला होता.

"कुंभकोणमची माणसं..." नित्या बोलू लागली.

"त्यांचं मी बघते." आईने रक्त टिपलं.  मग हळूच विचारलं, "तिला लागलं का?"

"डावा डोळा सुजलाय."

आईने मान उंच करून पलीकडे बसलेल्या भुवनाकडे पाहिलं, नीट खात्री करून घेतली.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा नाक पुसू लागली.