रस्त्यापलीकडची अर्डिस

आमच्या काउंटीत वादळाचा भोंगा वाजला की माणसं आत जात नाहीत, बाहेर येतात. पुरुष कॉफीचा मग घेऊन व्हरांड्यात उभे राहतात, पश्चिमेकडे बघतात आणि "काही नाही, उत्तरेला सरकतंय," असा निकाल देतात. जणू वादळ यांना विचारूनच वाट ठरवतं. बायका आतून हाका मारत राहतात, ओव्हनमधले बटाटे करपतात, आणि भोंगा थांबला की सगळे जेवायला बसतात.

मी काउंटीच्या आपत्ती विभागाची स्वयंसेवक आहे. पगार नाही, एक पिवळं जाकीट तेवढं मिळतं. दर वसंतात चर्चमध्ये, शाळेच्या जिममध्ये, जिथे चार माणसं जमतील तिथे जाऊन मी तेच सांगते. टोर्नेडोचा भोंगा म्हणजे तमाशा नव्हे. तळघरात जा. ट्रेलरमध्ये राहत असाल तर भोंग्याचीही वाट बघू नका, हवामान खात्यानं नुसती शक्यता आहे म्हटलं तरी कुणाच्या तरी पक्क्या घराकडे निघा. लोक शांतपणे ऐकतात, फुकटची बॅटरी घेतात, "छान बोललीस, कॉनी," म्हणतात आणि घरी जातात. पालथ्या घड्यावर पाणी. सबंध काउंटीत माझं बोलणं मनावर घेतलं ते एकट्या अर्डिस वेसलिंगनं.

अर्डिस आमच्या समोर, रस्त्यापलीकडे राहायची. नवरा गेला, शेत विकलं गेलं, आणि कोपऱ्यातल्या उरलेल्या तुकड्यावर तिनं ट्रेलर आणून टाकला. पत्र्याचं लांबट घर, चाकं काढून सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेलं. आत शिरलं तर स्वच्छ, नीटनेटकं, पण जोराचा वारा सुटला की कपबश्या किणकिणायच्या. आभाळ भरून आलं की ती रस्ता ओलांडून आमच्याकडे यायची. हातात रुबार्बचा केक नाहीतर लोणच्यातल्या अंड्यांची बरणी असायचीच, कारण कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं. तळघरात फ्रीझरशेजारी ती विणत बसायची. दर वेळी काहीच घडायचं नाही, आणि दर वेळी जाताना ती म्हणायची, उगाच त्रास दिला तुम्हाला. मी म्हणायचे, अगं, उगाचच व्हायला हवं ना. खरं सांगायचं तर मला त्या संध्याकाळी फार आवडायच्या.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. डेल्बर्ट माणूस लाखाचा, पण जिभेला हाड नाही. तो ज्यांच्यावर माया करतो त्यांचीच टिंगल करतो, ज्यांच्याशी त्याचं पटत नाही त्यांच्याशी अगदी सभ्यपणे वागतो. गेल्या वसंतात प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कॉफी चालली होती. कुणीतरी हवामान खात्याच्या नव्या यंत्राचा विषय काढला. झालं.

"यंत्रं कशाला हवीत?" डेल्बर्ट म्हणाला. "आमच्या दारात अर्डिस केक घेऊन उभी राहिली की खुशाल समजावं, आज आभाळ स्वच्छ राहणार."

सगळे हसले. अर्डिस सगळ्यांत जास्त हसली. मग तिनं स्वतःचा कप विसळला, जागेवर ठेवला आणि घरी गेली. तिचे कान लाल झालेले मी पाहिले होते.

पुढच्या वादळाला ती आली नाही. मी डेल्बर्टला असं फैलावर घेतलं की तो न जेवता उठला, टोपी घातली आणि सरळ रस्ता ओलांडून तिची माफी मागायला गेला. माणूस वाईट असता तर गेला नसता, आणि तो गेला तिथेच सगळं बिघडलं. आमच्या माणसांत थट्टा विसरली जाते, माफी विसरली जात नाही. आपल्यावरून त्या घरात बोलणं झालंय हे अर्डिसला आता पक्कं कळलं. तिनं त्याला बसवलं, कॉफी दिली, "तू गंमत करतोस हे मला का कळत नाही?" म्हणाली, आणि जाताना जॅमची बरणी हातात ठेवली. त्यानंतर भोंगा वाजल्यावर ती कधीच आमच्याकडे आली नाही.

मी तिच्याकडे खेटे घातले. ती म्हणायची, मी अंगावर गादी घेऊन बाथटबमध्ये बसते, पुष्कळ झालं. मी म्हटलं, अगं बाई, घर उडालं तर टब काय जागेवर राहणार आहे? त्यावर ती म्हणायची, बरोबर आहे तुझं. आमच्याकडे "बरोबर आहे तुझं" म्हणजे विषय संपला. मी रागावले, चिडले, एकदा तर रडले. तिनं मला रुमाल दिला.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी उकाडा असा की कुत्रीसुद्धा ट्रकखाली जाऊन पडलेली. हवामान खात्यानं शक्यता वर्तवली तेव्हाच मी अर्डिसला फोन केला. बघू, म्हणाली. संध्याकाळी, जेवण टेबलावर मांडत होते तेव्हा भोंगा वाजला. डेल्बर्ट अर्थातच व्हरांड्यात. मी पुन्हा फोन लावला.

"अर्डिस, नीघ. आहेस तशी नीघ."

"तुमची जेवायची वेळ ना गं ही?"

"जेवण गेलं खड्ड्यात. तू ये."

"डेल्बर्टला सुखानं दोन घास खाऊ दे. दिवसभर पेरणी करून आला असेल. मी टबात बसते. माझी काळजी करू नकोस."

"मी न्यायला येते तुला."

"अजिबात येऊ नकोस." पहिल्यांदा तिचा आवाज कापला. "माझ्यापायी तुला काही झालं तर मी लोकांना काय तोंड दाखवू?" आणि तिनं फोन ठेवला.

मी बाहेर धावले. वारा पूर्ण पडला होता, आभाळ हिरवट काळं. डेल्बर्टच्या हातातला मग तिरका झाला होता आणि कॉफी त्याच्या बुटांवर सांडत होती. धान्याच्या कोठाराच्या मागे आभाळाचा एक अख्खा तुकडा जमिनीला टेकला होता आणि आमच्याकडे येत होता. चित्रातल्यासारखी सोंड वगैरे काही नाही, नुसती काळी भिंत. डेल्बर्ट म्हणाला, कॉनी, आत हो. मी म्हटलं, अर्डिस. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्याकडे पळत सुटला. दोन्ही गुडघे दुखणारा म्हातारा माणूस. मी त्याच्या मागे.

आमच्या टपालपेटीपर्यंत तो पोचला तेव्हा रस्त्यावरची खडी उडायला लागली. समोर अर्डिसच्या खिडकीत दिवा दिसत होता. डेल्बर्ट थांबला, वळला, आणि मी त्याच्या बाजूनं पुढे निघाले तेव्हा त्यानं मला कमरेला धरून उचललं. मी त्याच्या हाताला चावले. त्यानं सोडलं नाही. मला तसंच फरफटत त्यानं तळघरात नेलं आणि माझ्या अंगावर पडून राहिला. वर आमचं छप्पर गेलं ते मला कळलंही नाही. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

वर आलो तेव्हा रस्त्यापलीकडे सिमेंटचे ठोकळे होते, जिथल्या तिथे. घर नव्हतं. अर्डिस शेतापलीकडे ओढ्याच्या काठाला सापडली. पिवळं जाकीट माझ्याच अंगावर, म्हणून ओळख पटवायला मलाच बोलावलं. त्याबद्दल मी काही सांगणार नाही. एवढ्या मोठ्या वादळात काउंटीत एकच जीव गेला, आपण नशीबवान, असं वर्तमानपत्रात आलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डेल्बर्टची दुसऱ्याच्या मरणानं गेली. तो आता कुणाची थट्टा करत नाही. जेवताना मध्येच काटा खाली ठेवतो आणि ताटाकडे बघत बसतो. त्यानं माझा जीव वाचवला, हे मला माहीत आहे. त्याच्या हातावर माझ्या दातांचा व्रण आहे, तोही मला रोज दिसतो. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्यानंही माफी मागितलेली नाही. माफी मागून काय होतं, ते आता त्याला कळलंय.

अंत्यविधीला चर्च भरून गेलं होतं. पास्टर तरुण आहेत, भले आहेत. ते म्हणाले, अर्डिसनं आयुष्यात कधी कुणाला त्रास दिला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी डेल्बर्टचे खांदे हलत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं, की अरे, त्रास न देण्यापायीच मेली ती. मी बाकाची कड धरून बसून राहिले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. माझ्यासमोर लॅव्हॉन श्नूर बसली होती. तीही एकटी, गावाच्या दक्षिणेला ट्रेलरमध्ये राहते. मी टेबलावरून तिचा हात धरला.

"लॅव्हॉन, पुढच्या वेळी नुसता ढग दिसला तरी आमच्याकडे ये. छप्पर अजून व्हायचंय, पण तळघर आहे. मला शब्द दे."

तिनं माझ्या हातावर थोपटलं. "तुमच्याच घराचं एवढं झालंय, त्यात माझी कशाला भर?" मग पर्समधून रुमाल काढून तिनं डोळे टिपले. "मरण यावं तर अर्डिससारखं बघ. शेवटपर्यंत कुणाला तोशीस लागू दिली नाही. हो ना?"

टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मनात काय काय आलं, पण तो दिवस शोकाचा, ती म्हातारी रडणारी, आणि चारचौघांत तिला दुखवायचं कसं?

"हो," मी म्हणाले.