पाचवी माशी

ग्लेंडाने पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून विमा कंपनीच्या तपासनिसापुढे ठेवला, तेव्हा मला आधी काही उमगलंच नाही. चार वर्षांच्या चिठ्ठ्या, रबर लावून, महिन्यांप्रमाणे लावलेल्या. त्यातली एकही मी जन्मात पाहिली नव्हती.

मी व्हर्ना हॉस्टेटर. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात डॉक्टर प्रुइटचा अ‍ॅलर्जीचा दवाखाना आहे. तिथून विमा कंपन्यांना बिलं पाठवायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे. गांधीलमाशी डसली की ज्यांचा श्वास कोंडतो, त्यांना तिच्याच विषाची थोडी थोडी लस देतात. बाटल्या नर्स ग्लेंडा भरते. बाटलीत किती जातींच्या माश्यांचं विष, त्यावर बिलावरचा माझा कोड ठरतो; जाती जास्त, तेवढे विम्याचे पैसे जास्त. लोकांना वाटतं, सोपं काम. करून बघा म्हणावं. तीन जातींच्या गांधीलमाश्यांचं विष एकाच कुपीत मिसळून येतं, पण ती तीन विषं धरायची. लांब पायांची गांधीलमाशी चौथी, मधमाशी पाचवी.

पूर्वी ग्लेंडा प्रत्येक बाटलीमागे चिठ्ठी द्यायची. चार वर्षांपूर्वी म्हणाली, अगं, आपण एका भिंतीच्या अल्याडपल्याड बसतो, कागद कशाला नासायचे? तेव्हापासून ती खिडकीतून आकडा सांगायची आणि मी लिहून टाकायचे. हल्ली बहुतेक वेळा पाचच. एवढ्या लोकांना मधमाशी कशी लागते, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलंही होतं. गावात मधपेट्या वाढल्यात, म्हणाले. मला पटलं. माझ्या आईच्या शेवटच्या आठवड्यात ग्लेंडा रोज माझ्याकडे झोपायला होती. अशा बाईने सांगितलेलं कोण पडताळून बघतं?

तपासनिसाने पडताळलं. एवढ्या मधमाशीच्या विषाची दवाखान्यात खरेदीच नाही, म्हणाला. आणि आता टेबलावर या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर तीन, नाहीतर चार. सगळ्या एकाच निळ्या शाईत. चार वर्षं एकच पेन पुरलं का, हे विचारायचं मला सुचलं ते घरी पोचल्यावर.

"मी कायम चिठ्ठी देत आले," ग्लेंडा म्हणाली. "पुढे हिने काय लिहिलं, मला काय ठाऊक?"

माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारी माझ्याच आणलेल्या मगमधून कॉफी पीत होती.

तपासनीस गेल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. कागद तयारच होता. चूक माझ्या एकटीची, कुणाच्या सांगण्यावरून नाही, मी राजीनामा देते. मी म्हटलं, डॉक्टर, हे धडधडीत खोटं आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

"मर्लचा डोस मंगळवारी ना?" ते म्हणाले. "चौकशीत दवाखाना बंद पडला, तर त्याचं कसं व्हायचं?"

मर्ल माझा नवरा. तो कोठारांची छपरं दुरुस्त करतो, आणि छपराखाली गांधीलमाश्यांची पोळी असायचीच. तीन वर्षांपूर्वी एक डसली, आणि शिडी उतरेपर्यंत तो निळा पडला होता. दुसरा दवाखाना दोन तासांवर, आणि तिथे नवीन पेशंटला पाच महिने थांबवतात. ऑगस्ट चालू होता, माश्यांचा ऐन हंगाम.

मी सही केली. एकोणीस वर्षांत माझ्या कामाला कुणी बोट लावलं नव्हतं. आता मला कुठेच कुणी कोड लिहू देणार नाही, हे पेन हातात घेतानाच कळत होतं. मर्लला एवढंच सांगितलं की थकले, पुरे झालं. खरं सांगितलं असतं, तर त्याने त्या दवाखान्याची पायरी चढली नसती.

मंगळवारी मीच त्याला घेऊन गेले. आत मात्र गेले नाही, गाडीतच बसले. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. तो बाही खाली करत बाहेर आला आणि शेजारी बसला.

"ग्लेंडा म्हणत होती, तुझ्या हातून मोठा घोटाळा झाला, पण डॉक्टरांनी सांभाळून घेतलं," तो म्हणाला. "खरं का गं?"

मी त्याची बाही वर करून दंड बघितला. सूज नव्हती.

"हो," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.